आज्ञेच्या ओळीची फोड

मोडी लिपींत ओळ सलग लिहीत; शब्द कोठें तोडावा हें वाचणारानें अर्थावरून ठरवावें, असा रिवाज होता. संगणकास अर्थ कळत नाहीं. त्यास दिलेल्या आज्ञेचे तुकडे कोठें पाडावे हें नियमानेंच शिकवावें लागतें, आणि तो नियम दिसतो तितका सोपा नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युनिक्स पद्धतीच्या यंत्रावर ‘आरएम’ ही आज्ञा फाइल पुसून टाकते. तिच्यापुढें ‘जुना हिशेब’ असें एका फाइलीचें नांव कोणी सरळ लिहिलें, तर यंत्र ‘जुना’ व ‘हिशेब’ अशा दोन फाइली समजतें. त्या नांवांच्या निराळ्या फाइली तेथें असल्या तर त्याच बिचाऱ्या पुसल्या जातात. म्हणून नांवाभोंवतीं अवतरणचिन्हें घालावीं लागतात. २००१ सालीं ॲपल कंपनीनें आयट्यून्स २.० बसविण्यासाठीं जो प्रोग्रॅम दिला, त्यांत हींच चिन्हें राहून गेलीं होतीं. ज्यांच्या डिस्कच्या नांवांत मोकळी जागा होती, अशा कांहींच्या डिस्कवरील मजकूर त्यामुळें नाहींसा झाला.

मग फोड करावी कशी? नुसतें मोकळ्या जागेपाशीं तोडणें हा नवशिक्याचा मार्ग होय. दोन जागा लागोपाठ आल्या कीं त्यांतून रिकामा तुकडा निघतो, आणि अवतरणांचा तर त्यास पत्ताच नसतो. खरी रीत अशी कीं, ओळ एकेक अक्षर वाचीत जावी, आणि आपण शब्दाबाहेर आहों, शब्दांत आहों, कीं अवतरणांत आहों, हें सदैव लक्षांत ठेवावें. शब्दांत असतां मोकळी जागा आली तर तुकडा पुरा झाला; अवतरणांत आली तर ती साधें अक्षरच होय. अवतरणचिन्ह स्वतः तुकड्यांत घ्यावयाचें नाहीं. मात्र अवतरणचिन्हांची जोडी एकटीच आली व मध्यें कांहींच नसलें, तरी तो रिकामा पण खरा तुकडा होय; येथें चांगले जाणतेही फसतात. ओळ संपली आणि अवतरण उघडेंच राहिलें, तर अंदाज न बांधतां चूक कळवावी.

युनिक्समध्यें ही फोड ‘शेल’ करितो व प्रोग्रॅमास तुकडे तयार मिळतात. विंडोजमध्यें सबंध ओळच प्रोग्रॅमाच्या हातीं पडते. तेथें उलटी तिरकी रेघ फाइलींच्या मार्गांतही येते. सबब ती अवतरणचिन्हाला लागून पूर्वीं आली तरच तिला विशेष अर्थ, एरवीं ती नुसती रेघ. पायथन भाषेंत ‘शलेक्स’ नांवाचें तयार साधन आहे, पण तें युनिक्सच्या नियमानें चालतें. विंडोजचा मार्ग अवतरणांवांचून त्याच्या स्वाधीन केला, तर त्यांतील रेघा तें गिळून टाकतें.