चिंच नसलेलं चिंचवड

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे मोशी-चऱ्होलीकडच्या साइट ऑफिसांत गुरुवारीही रविवारसारखीच गर्दी असते. आठवडाभर लेथवर उभा राहिलेला माणूस बायकोमुलांना घेऊन येतो, गार पाणी पितो आणि भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर थांबतो. न बांधलेली इमारत आणि न लावलेली झाडं दाखवणारं ते चित्र आमच्यासारखे रेंडरवाले करतात.

मी बारा वर्षं हेच केलं. इमारत खोटी वाटते असं एकाही गिऱ्हाइकानं म्हटल्याचं आठवत नाही. झाड मात्र लगेच पकडतात. ‘प्लास्टिकचं वाटतंय ओ!’ त्यांचंही बरोबरच आहे. खरं पान उन्हाकडे धरलं की पोपटी उजळतं, ऊन त्यातून झिरपतं. संगणकाला हे वेगळं शिकवावं लागतं, नाहीतर पानं रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसतात. शिवाय बाग अख्खी कोण बनवतो? एकच झाड दोनशे वेळा डकवायचं, प्रत्येक वेळी थोडं फिरवायचं, लहानमोठं करायचं. एकदा घाईत फिरवायचं राहून गेलं. आई-बाबा हप्त्याचा हिशेब करत होते आणि त्यांची पाच-सहा वर्षांची पोर चित्राकडे बघून म्हणाली, ‘सगळी झाडं तिकडंच बोट दाखवतायत.’ प्रत्येक झाडाची तीच मोडकी फांदी, त्याच दिशेला!

बिल्डरांच्या सूचना ऐकण्यासारख्या असतात. पाऊस नको, लोकांना गळती आठवते. पाचोळा नको, मेंटेनन्स आठवतो. कावळे तर नकोतच. एका साहेबांना हिरवळ ‘विंडोजवरच्या टेकडीसारखी’ हवी होती. ती टेकडी संगणकात बनवलेली आहे, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात काढलेला खराखुरा फोटो आहे. विंडोज एक्सपीबरोबर तो घरोघरी पोचला आणि अतिहिरवा म्हणून लोक त्यालाच खोटा समजले. मग मीही तसली हिरवळ करून दिली. साहेब खूश झाले. ब्रोशरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कलात्मक चित्र’ असं छापलेलं होतंच. महारेरा आल्यापासून जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो, पण सावलीचा क्रमांक कोण मागणार?

माझ्या लक्षात राहिलंय ते चिंचवडचं काम. चिंच आणि वड यांवरून गावाचं नाव पडलं म्हणतात. आमच्या संगणकातल्या झाडांच्या विकतच्या लायब्ररीत मेपल होता, बर्च होता, दहा जातींचे पाम होते. जागेचे मूळ मालक, सत्तरीचे आजोबा, चित्र बघायला आले. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, सगळ्यावरून नजर फिरवून म्हणाले, ‘अन् आमची चिंच कुठंय?’ चिंच केव्हाच तोडली होती. तिच्या जागी पोडियम पार्किंग येणार होतं.

मी चार दिवस बसून चिंच बनवली. ही पोरखेळाची गोष्ट नाही. चिंचेची पर्णिका नखाएवढी, एका काडीवर दहा-पंधरा जोड्या, म्हणजे एका झाडात लाखो तुकडे. मशीन दोनदा हँग झालं. शेवटी चित्र झालं आणि सेल्सच्या माणसानं ते एका मिनिटात उडवलं. ‘चिंचेवर भूत असतं, दादा. फ्लॅट कोण घेईल?’

फाइल माझ्याकडेच राहिली. आजोबा पुन्हा आले तेव्हा त्यांना स्क्रीनवर चिंच दाखवली. डोळ्यांत पाणी येईल, निदान शाबासकी मिळेल असं मला वाटलेलं. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनच्या अगदी जवळ आले आणि काचेवर बोट टेकवलं.

‘ही फांदी इकडं नव्हती. झोका विहिरीच्या अंगाला होता.’

मी फांदी फिरवली. ‘अजून थोडी खाली,’ ते म्हणाले.