गाडी पाहण्याआधी गुडघा पाहा

दवाखान्यात डॉक्टरला कोण काय विचारील याचा नेम नसतो. मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा आला. वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू अजून कमजोर. आईचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले. म्हणाला, "डॉक्टर, एक जुनी व्हॅन बघितलीय. मागची सीट काढून फळी टाकली की झोपायची सोय होते. आईबाबांना पंढरपूरला न्यायचं म्हणतोय. वाटलं तर रात्री गाडीतच मुक्काम. घेऊ का?"

मी म्हटले, "इंजिनाचं मिस्त्रीला विचार. पण बाबांना त्या गाडीत बसवून पाहिलंस का?" तो गप्प झाला.

हे मी विचारले, कारण या परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झालो आहे.

माझी चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुनी, जीपसारखी उंच गाडी घेतली. इंजिन उत्तम, किंमत बेताची. आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि गाडीची पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच. नरसोबाच्या वाडीला निघालो तेव्हा आम्ही दोघा भावांनी तिला काखेत हात घालून वर चढवले. सगळी गल्ली पाहत होती. त्यानंतर कुठेही जायचे ठरले की आई म्हणायची, "तुम्ही जा रे, मला कंटाळा येतो. मी इथूनच नमस्कार करते." वयोमानाने तिची हौस कमी झाली असेल, असा निष्कर्ष मी डॉक्टर असूनही काढला. दीड वर्षाने ती माझ्या पत्नीजवळ बोलली, "चारचौघांत पोत्यासारखं उचलतात गं. नको वाटतं." ती गाडी मी पुढच्याच महिन्यात विकली.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून रुग्ण या गावात येत आले आहेत. पूर्वी बैलगाडीतून आणि रेल्वेतून, आता मोटारीतून. दवाखान्याच्या दारात रुग्ण गाडीतून उतरताना पाहिला की त्याच्या आजाराइतकीच त्या गाडीचीही ओळख पटते.

उंची कशी पाहावी?

रुग्णाला सीटकडे पाठ करून उभे करा. सीटची कड गुडघ्याच्या वर आणि बैठकीच्या किंचित खाली आली तर ती उंची योग्य. नुसते मागे टेकले की बसता येते. कड गुडघ्याजवळ आली तर बसताना माणूस आदळतो आणि उठताना सगळा भार दुखऱ्या सांध्यावर येतो. कड कमरेपाशी आली तर चढाईच करावी लागते. म्हणून अगदी बुटकी मोटार आणि अगदी उंच जीप, दोन्ही गुडघ्यांच्या शत्रू. वॅगन आरसारख्या उंच छताच्या लहान गाड्या अशा घरांना पुष्कळदा सोयीच्या पडतात.

ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या बाजारात ती दिसते. २०१० पासून आलेली ईको तर आहेच. दोन्हींचे मधले दार सरकते असल्याने अरुंद बोळातही पुरते उघडते. मात्र ते दार घरातल्या बाईमाणसाला एका हाताने सरकवता येते का, ते पाहा. या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि लांबच्या प्रवासात तिथे उष्णता जाणवते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गरम पत्र्यावर अनवाणी पाय ठेवू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. ज्यांची कंबर किंवा मणके दुखतात त्यांना मागच्या चाकांवरच्या सीटवर बसवू नका. धक्के तिथेच जास्त बसतात.

पायरी उंच वाटली तर सहा इंच उंचीचा, रुंद, खाली रबर ठोकलेला लाकडी चौरंग करून घ्या. खर्च थोडा, उपयोग मोठा.

बाजू कोणती कमजोर?

पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याला वरची मूठ डाव्या हाताने धरता येते. म्हणून उजवी बाजू कमजोर असणाऱ्याला ती जागा बरी. डावी बाजू कमजोर असेल तर मागच्या उजव्या दाराने बसवून पाहा. ते दार रहदारीच्या बाजूला उघडते, तेव्हा गाडी अंगणात किंवा आडबाजूला उभी करा. आधी बैठक टेकवायची, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. उघड्या दाराचा आधार नको, ते हलते. आणि लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नका. अशा रुग्णाचा खांदा सैल झालेला असतो, तो निखळतो. पायरी असेल तर हे सूत्र लक्षात ठेवा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

चाकांची खुर्ची असेल तर घडी करून ती मागे मावते का, ते पाहा. गॅसवर चालणाऱ्या गाडीत टाकी बरीच जागा खाते. साध्या लोखंडी खुर्चीचे वजन पंधरा-वीस किलो भरते. रोज ती कोण उचलणार हे आधीच ठरवा. सुनेची कंबर धरली तर घरात एक रुग्ण वाढेल.

गाडीतला मुक्काम

अमेरिकेत मोटारीमागे जोडायची घडीची घरे मिळतात. हँडल फिरवले की छप्पर वर येते आणि दोन्ही टोकांचे बिछाने बाहेर ओढायचे. गंमत वाटते, पण ते हँडल फिरवायला दंडात जोर लागतो आणि बिछान्यावर चढावे लागते. आपल्याकडच्या फळीच्या बिछान्यालाही तोच प्रश्न विचारावा : फळी कोण लावणार आणि म्हातारे माणूस रात्री तिच्यावरून कसे उतरणार?

फळीवर झोपायचे ते गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत प्रत्येकाला सीट आणि पट्टा हवा. इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपू नका. गाडीत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. जुन्या गाडीत धूर आत येतो का, हे मिस्त्रीकडून मुद्दाम तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट वडीलधारी माणसे बोलून दाखवत नाहीत. वाटेत लघवीला कुठे जायचे या धास्तीने ती आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. घडीची कमोड खुर्ची आणि एक पडदा सोबत ठेवा, मग पाणी पितील. दर तासा-दीड तासाने थांबा, चार पावले चालवा, बसल्या जागी घोटे हलवायला सांगा. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर तातडीने डॉक्टर गाठा.

कागदपत्रे

आरसी बुक, विमा आणि पासिंग पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवावी लागते. गॅसची टाकी असेल तर तिच्या चाचणीचा दाखला मागा. सीट काढणे किंवा गाडीत फेरफार करणे यासाठी आधी आर.टी.ओ.मध्ये विचारा, नाहीतर अपघातानंतर विम्याचे भांडण होते.

तो मुलगा दुसऱ्या रविवारी वडिलांना घेऊन व्हॅन पाहायला गेला. "चढायला जमलं," तो सांगत होता, "पण उतरताना बाबांचा पाय जमिनीला पोचेना, घाबरले. मालक म्हणाला, सवय होईल. मी नको म्हटलं." तीन आठवड्यांनी त्याने दुसरी, जरा बुटकी गाडी पाहिली. वडील तिच्यात तीनदा बसले आणि तीनदा आपले आपण उतरले. किंमत थोडी जास्त पडली.

वाचकहो, जुनी गाडी घेणार असाल तर बयाणा देण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांना तिथे न्या. चढताना नव्हे, उतरताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. आणि कुणी "मला कंटाळा येतो, तुम्ही जा" असे म्हणू लागले असेल तर आज संध्याकाळी जवळ बसून खरे कारण विचारा.