समुद्रात लोह टाकून हवेतला कार्बन कमी होतो का? ‘लोहाफेक्स’ प्रयोगाने काय दाखवले?

दक्षिण महासागराच्या बऱ्याच भागात नायट्रेट मुबलक, पण लोह अत्यल्प. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या वनस्पती प्लवकांची वाढ खुंटते. मग लोह टाकले तर?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह २००९ मध्ये हेच तपासले. ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून ३०० चौरस किलोमीटर पाण्यात विरघळलेले लोह सोडले.

मग काय झाले?
प्लवक वाढले, पण कोपेपॉड या चिमुकल्या जिवांनी ते फस्त केले. सिलिकाचे कवच असलेले डायटम सहसा बचावतात. मात्र तिथे सिलिकाच तुटपुंजे होते. परिणामी फारच थोडा कार्बन खोल पाण्यात गेला.

म्हणजे नुसते लोह पुरत नाही. कोणत्या पाण्यात काय कमी आहे, हे मोजणे हेच या शास्त्रज्ञांचे काम.