पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

‘गहू सोडला आणि पोट शांत झालं. म्हणजे मला ग्लुटेनचा त्रास आहे ना?’ असे विचारणारे रुग्ण आता ओपीडीत वरचेवर येतात. पोट फुगणे, जुलाब, थकवा, डोके जड होणे या त्यांच्या तक्रारी खऱ्याच असतात. पंचाईत एवढीच की तपासणीआधीच गहू बंद झालेला असतो.

सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. निदानासाठी रक्तातील टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए पाहतात; बहुतेक प्रौढांत दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडाही तपासावा लागतो. पण गहू सोडल्यावर ही प्रतिपिंडे घटतात, अस्तर भरून येऊ लागते आणि खरा रुग्ण ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी जातो. म्हणून तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू हवा. तो सोसवतच नसेल, तर एचएलए डीक्यू२ व डीक्यू८ ही जनुकीय तपासणी उपयोगी पडते. दोन्ही जनुके नसली, तर सिलिअ‍ॅक जवळपास बाद.

गव्हाची अ‍ॅलर्जी निराळी. तिच्यात बहुधा लगेच अंगावर गांधी उठतात, धाप लागते.

हे दोन्ही आजार नाहीत, तरी त्रास होतो, तेव्हाच ग्लुटेन संवेदनशीलतेचा विचार करायचा. तिच्यासाठी रक्ताची कोणतीही तपासणी नाही. शंभरेक पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. २०१५ च्या सालेर्नो निकषांत सांगितलेली पद्धत अशी: सहा आठवडे ग्लुटेन बंद, आराम पडला तर एक आठवडा रोज आठ ग्रॅम ग्लुटेन, एक आठवडा विश्रांती, मग एक आठवडा तसाच दिसणारा ग्लुटेनविरहित पदार्थ. कोणत्या आठवड्यात काय दिले, हे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही माहीत नसते. त्रासात किमान ३० टक्के फरक पडला, तरच निदान. रोजच्या ओपीडीत हे सारे जमत नाही, हे मान्य. पण सोडून पाहणे आणि पुन्हा खाऊन पाहणे जमते.

पुन्हा खाऊन पाहणे का हवे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना तीन प्रकारच्या वड्या दिल्या. सर्वाधिक त्रास ग्लुटेनने झाला फक्त १३ जणांना. फ्रुक्टान या कर्बोदकाने २४ जणांना, तर दोन्ही नसलेल्या वडीने तब्बल २२ जणांना! फ्रुक्टान गव्हात असते, तसेच कांद्या-लसणातही. तेव्हा पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीबरोबर झणझणीत लसणाची चटणी खाल्ली, तर पोट फुगायचे ते फुगेलच.

निदान पक्के करण्याचा उपयोग रोजच्या ताटात दिसतो. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला आयुष्यभर कणभरही गहू चालत नाही. बांधानी हिंगात मिसळलेली कणीकसुद्धा नाही. नुसती संवेदनशीलता असलेल्यांपैकी अनेकांना मात्र थोडा गहू पचतो. किती, हे महिन्या-दोन महिन्यांनी एकेक पोळी वाढवून पाहता येते.