गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र एआयने हलवायचंय? आधी हे वाचा

पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा, अ‍ॅपमध्ये टाकायचा, खाली लिहायचं "बैल मान हलवू दे". मिनिटाभरात बैल मान हलवतो. रील्समध्ये तुम्ही हे पाहिलं असेलच. गुगलने जुलै २०२५ मध्ये जेमिनीत फोटोवरून ८ सेकंदांचा व्हिडिओ करायची सोय दिली, आणि तशी इतरही बरीच अ‍ॅप्स आहेत.

आता जरा आपल्याकडचं बघू. शहापूर, मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यांवर घरात स्मार्टफोन बहुतेक एकच असतो, तोही कॉलेजला जाणाऱ्या दादाचा नाहीतर ताईचा. म्हणजे धाकट्यांना गोष्ट दाखवणारे तुम्हीच. पहिली-दुसरीतल्या पोराला पुस्तकापेक्षा हलणारं चित्र आवडतं, हे सांगायला एआय नको. प्रश्न असा आहे की चित्र हलवल्यावर ते पोर वाचायला शिकतं का, की नुसतं बघत बसतं?

चित्र हलतं कसं?

दोन पद्धती आहेत. पहिली हाडांची. मेटा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये 'अ‍ॅनिमेटेड ड्रॉइंग्ज' नावाचा डेमो आणला आणि २०२३ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, सोबत सुमारे १ लाख ८० हजार चित्रांचा साठाही. मुलाने कागदावर काढलेला माणूस आधी शोधला जातो, मग त्याची कड कापून तो पार्श्वभूमीतून वेगळा केला जातो. खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर ठिपके बसतात आणि त्या सांगाड्याला तयार नाच किंवा उडी जोडली जाते. कळसूत्री बाहुलीसारखंच. यात चित्र नव्याने काढलं जात नाही, पोराने काढलेलंच ताणलं-वाकवलं जातं. त्यामुळे वाकड्या नाकाचा माणूस वाकड्या नाकाचाच राहतो!

दुसरी पद्धत सध्या गाजतेय ती. इथे मॉडेलने लाखो व्हिडिओ पाहून 'या दृश्यानंतर पुढे काय दिसतं' याचा अंदाज बांधायला शिकलेलं असतं. तुमचं चित्र ही पहिली फ्रेम. पुढच्या सगळ्या फ्रेम ते कल्पनेने रंगवतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ८ सेकंदांच्या १९२. (दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' करताना आगपेटीच्या काड्या हाताने सरकवून एकेक फ्रेम घेतली होती. त्यांना हे दाखवायला हवं होतं.)

मेख इथेच आहे. मॉडेलने गोष्ट वाचलेली नसते. चित्रात काय आहे हे ते आधी पाहिलेल्या व्हिडिओंवरून ओळखतं, आणि त्या व्हिडिओंत मुरबाडची आवणी फारशी नसणार. पावसात भात लावणाऱ्या बाईच्या डोक्या-पाठीवरचं इरलं घ्या. आपल्या पोराला ते बघताक्षणी कळतं. मॉडेलला ते पोतं वाटेल, छत्री वाटेल, कासवाची पाठही वाटेल, आणि जे वाटेल तसं ते हलवेल. कारवीच्या कुडाचं घर तिसऱ्या सेकंदाला विटांचं झालं तर नवल नको. जी मुलं आपलं घर पुस्तकात क्वचितच बघतात, त्यांचं एकदाचं आलेलं घरही डोळ्यांदेखत बदलून जातं. मला ही गोष्ट साधी वाटत नाही.

वारली चित्रांचं तर आणखी अवघड. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेलं अंग, काडीसारखे हातपाय. हाडांच्या पद्धतीला कंबर सापडायला हवी, इथे कंबर म्हणजे फक्त एक बिंदू. त्यात तारपा नाचात सगळ्यांचे हात एकमेकांत गुंतलेले, मग कुठला हात कोणाचा? मेटाच्या टूलमध्ये कड आणि सांधे बोटाने सरकवून दुरुस्त करता येतात, म्हणून एकटी, हात-पाय मोकळे असलेली आकृती घेतली तर जमू शकतं. दुसऱ्या पद्धतीत मात्र सपाट पांढऱ्या आकृतीला सावली, कधी डोळे-नाकही फुटायची भीती असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शैलीतल्या माणसाला नाक-डोळे चिकटवणं म्हणजे निव्वळ बिघाड.

अक्षरं आधी कापा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेकजण इथेच चुकतात. पानाचा फोटो काढताना चित्राबरोबर खालचा मजकूरही येतो. व्हिडिओ मॉडेलसाठी अक्षरं म्हणजेसुद्धा चित्रच. ते त्यांनाही हलवतं. वेलांटी उलटते, 'ष्ट'चं काहीतरी भलतंच होतं, रफार उडून जातो. आपण मोठी माणसं अंदाजाने वाचून मोकळी होतो. जे पोर आत्ता काना-मात्रा शिकतंय ते मात्र चुकीचं अक्षर खरं मानून बसेल. त्यात आपल्या भागातल्या कित्येक मुलांच्या घरी कातकरी, ठाकरी किंवा वारली बोली असते, म्हणजे छापील मराठी त्यांच्यासाठी आधीच अर्धी नवी.

म्हणून फोटो आधी क्रॉप करा, मजकूर पूर्ण बाहेर ठेवा. चित्र हलवून झालं की कुठल्याही साध्या व्हिडिओ एडिटरमध्ये तेच वाक्य युनिकोडमध्ये टाइप करून खाली बसवा, मोठ्या अक्षरात, न हलणारं. वाक्य तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि बोलला जाणारा शब्द त्या क्षणी रंगीत होईल असं करा. थोडं वेळखाऊ आहे, पण यातला वाचायला शिकवणारा भाग हाच. ऐकलेला शब्द त्याच वेळी त्याच भाषेत लिहिलेला दिसला की वाचन सुधारतं, या कल्पनेवर ब्रिज कोठारी १९९६ पासून काम करताहेत. टीव्हीवरच्या हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी दाखवायचा प्रयोग त्यांचाच.

प्रॉम्प्टमध्ये कमी मागा. "कॅमेरा स्थिर. फक्त पाऊस पडतोय आणि बैलाची शेपटी हलतेय. चेहरे, कपडे, घर बदलू नये." काही अ‍ॅप्सना इंग्रजी प्रॉम्प्ट जास्त नीट कळतो, तर हेच इंग्रजीत टाका. मग व्हिडिओ एकदा थांबवत थांबवत बघा, बोटं मोजा, पाय मोजा.

किती हलवायचं?

अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात जॉन हटन आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना एमआरआय मशीनमध्ये गोष्टी दिल्या. एक नुसती ऐकायची, एक स्थिर चित्रांसह, एक अ‍ॅनिमेशनची. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. स्थिर चित्रं असताना भाषा, दृष्टी आणि कल्पना यांच्याशी संबंधित मेंदूचे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले, अ‍ॅनिमेशनमध्ये ही जोडणी कमी झाली. मुलं थोडीच होती, त्यामुळे यावरून अ‍ॅनिमेशनवर फुली मारू नका. दुसऱ्या अभ्यासांत असंही दिसलंय की वाक्यात जे सांगितलंय तेच हललं तर गोष्ट समजायला मदत होते. अडचण होते ती मध्येच टॅप करायचे खेळ आणि भलत्या हालचाली आल्या की. "कोंबडी पळाली" या वाक्यावर कोंबडीच पळू दे, मागचे ढग जागेवर राहू देत. आणि दहा पानांच्या गोष्टीत दोन-तीन पानं हलली तरी पुष्कळ.

कुठलं पुस्तक घ्यायचं?

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून सुरू आहे, मराठी गोष्टीही भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेक पुस्तकांना सीसी बाय ४.० परवाना असतो. म्हणजे चित्रात बदल करा, व्हिडिओ करा, शेअर करा, फक्त लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि परवान्याचं नाव द्या, बदल केलाय हेही सांगा. शेवटच्या पानावर परवाना बघून घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, पण फुकट वाचता येणं म्हणजे बदलायची परवानगी नव्हे. घरात भावाला दाखवणं वेगळं, यूट्यूबवर टाकणं वेगळं. चित्रकार हयात असो-नसो, हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतात.

सगळ्यात सोपं म्हणजे पोरालाच चित्र काढायला सांगा. परवान्याचा प्रश्नच नाही, आणि स्वतःचा माणूस चालायला लागला की ते त्याच्याबद्दल वाक्य लिहायलाही तयार होतं. फक्त पोराचा चेहरा, शाळेचं नाव असलेला फोटो अ‍ॅपवर चढवू नका, चित्राचाच फोटो घ्या.

राहिला रेंजचा प्रश्न. डोळखांब किंवा टोकावड्याच्या पुढे गेलात की काही वाड्यांवर अपलोडचं चाक फिरतच राहतं. तर हे काम आसनगाव स्टेशनवर किंवा मुरबाड एसटी स्टँडवर बसून उरका, क्लिप फोनमध्ये सेव्ह करा, घरी फ्लाइट मोडवर दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जातो आणि खाली एवढ्या मेहनतीने बसवलेली अक्षरं धूसर होतात.