ख्रिस्ती मनुष्य आणि युद्ध

गतवर्षीं शुभवर्तमानाच्या तासास गेथशेमनी बागेंतील प्रसंग चालला होता. पेत्रानें उपसलेली तरवार प्रभूनें म्यानांत घालावयास लाविली, हें वाचून होतांच एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, “सर, माझा वडील भाऊ पलटणींत आहे. तो पाप करीत आहे काय?” तेवढ्यांत घंटा झाली व आम्ही सुटलों, पण प्रश्न सुटला नाहीं. त्याचें उत्तर येथें यथाशक्ति देत आहों.

हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. २९५ मध्यें उत्तर आफ्रिकेंत माक्सिमिलियन नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणास सैन्यांत भरती करण्यासाठीं आणिलें. आपण ख्रिस्ती असल्यामुळें शिपाई होणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. बादशहाच्या पदरीं ख्रिस्ती शिपाई आहेत, ह्याची अधिकाऱ्यानें त्यास आठवण दिली. त्यांस काय योग्य तें ते जाणतात, असें म्हणून त्यानें देहदंड पत्करला. म्हणजे त्या काळींही एकाच मंडळींत दोन मतें होतीं.

शेजाऱ्यावर प्रीति करावी, ही आज्ञा. पण शेजाऱ्याचें घर लुटारू जाळीत असतां उगीच उभें राहणें ही प्रीति कशी? हिप्पोचा बिशप आगुस्तीन (३५४–४३०) ह्यानें ही अडचण ओळखली. स्वतःच्या जिवासाठीं दुसऱ्याचा जीव घेणें त्यास रुचत नव्हतें. परंतु इतरांच्या रक्षणार्थ, राज्यकर्त्याच्या आज्ञेनें व शांततेच्या हेतूनें लढणें त्यानें ग्राह्य मानिलें. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस ह्यानें तीन कसोट्या मांडिल्या: युद्ध अधिकृत सत्तेनें पुकारलेलें असावें, कारण न्याय्य असावें आणि हेतु शुद्ध असावा. उलटपक्षीं क्वेकर पंथानें सतराव्या शतकापासून सर्वच युद्धें वर्ज्य मानिलीं.

ह्या विचाराची कठोर परीक्षा हिटलरच्या काळीं झाली. ऑस्ट्रियांतील फ्रान्स येगरश्टेटर हा साधा शेतकरी. घरीं पत्नी व लहान मुली. हिटलरचें युद्ध अन्यायाचें आहे, म्हणून त्यानें त्यांत लढण्याचें नाकारलें. धर्मगुरूंनींही त्यास कुटुंबाकडे पाहण्यास सांगितलें. तो ढळला नाहीं. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर हा तर अहिंसा शिकण्यासाठीं गांधीजींकडे येऊं पाहत होता. तें घडलें नाहीं. पुढें तोच हिटलरच्या वधाच्या कटांत सामील झाला. आपण निर्दोष आहों, असें त्यानें मानिलें नाहीं. इतरांसाठीं दोष माथीं घेण्यास तो सिद्ध झाला. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्यास फांशी दिलें. दोघांचे मार्ग भिन्न. परंतु आपली सदसद्विवेकबुद्धि कोणींही सरकारच्या स्वाधीन केली नाहीं.

तेव्हां, प्रिय विद्यार्थ्या, तुझा भाऊ पापी आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हां त्यानें त्यांस पेशा सोडावयास सांगितलें नाहीं. जुलूम करण्याची मात्र मनाई केली. भावास पत्र लिहिशील तेव्हां एवढें लिही, कीं शरण आलेल्यावर व निःशस्त्रावर हात उगारूं नये, आणि शत्रूसाठींही प्रार्थना करावी.

आईबापांस एक विनंती. घरीं मुलानें असा प्रश्न केला, तर लहान तोंडीं मोठा घास म्हणून त्यास गप्प करूं नये. घंटेनें आम्हांस एकदां सोडविलें. पुन्हां सोडवूं नये, अशी आमची इच्छा आहे.