सिनिओल्चूचे छायाचित्र आणि त्यामागचे खांदे

कांचनजंगा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या शेजारचे, सिक्कीममधील सिनिओल्चू हे शिखर फार थोड्यांच्या कानावर आले असेल. उंची 6,888 मीटर. माणसाचा पाय त्यावर 1936 साली लागला; पण 1899 मध्येच व्हित्तोरिओ सेला या इटालियनाने त्याचे छायाचित्र घेतले होते. डग्लस फ्रेशफील्ड यांच्याबरोबर तो कांचनजंगेच्या प्रदक्षिणेला निघाला होता.

बर्फाचे चित्र घेणे अवघड का? आपल्याकडील कापसाचा ढीग पाहा. भर दुपारी तो नुसता पांढरा दिसतो. उन्हे कलली की त्याचे उंचसखल भाग सावल्यांनी उमटतात. शिखराचेही तसेच. म्हणून सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन साधावे लागते. शिवाय जुन्या काळची रसायने निळ्या प्रकाशाने फार लवकर उजळत. त्यामुळे आकाश आणि बर्फ एकच होऊन जाई. भिंगापुढे पिवळी काच लावली की निळा प्रकाश अडतो, आकाश गडद होते आणि कडा उठून दिसतो. आजचा कॅमेराही येथे फसतो. समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे असे तो धरून चालतो, म्हणून बर्फ मळकट उतरतो. अशा वेळी त्याच्या हिशेबापेक्षा दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा.

आता ओझ्याचे पाहू. आल्प्समध्ये सेला 30 गुणिले 40 सेंटिमीटरच्या काचा वापरी. अशी एक काच सुमारे पाऊण ते एक किलोची. डझनभर घेतल्या की मणाचा चौथा हिस्सा झालाच! हिमालयात तर तंबू, धान्य, यंत्रसामग्री, सारेच दार्जिलिंगहून हमालांच्या पाठीवर गेले. चित्राखाली नाव मात्र एकट्या सेलाचे. त्याचे कसब आम्ही कमी लेखीत नाही. पण पाठ देणाराही त्या चित्राचा भागीदार आहे, असे आमचे मत आहे.

ही चित्रे आता केवळ शोभेची राहिलेली नाहीत. जुन्या जागेवरूनच नवे छायाचित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवली, तर हिमनदी किती आटली ते दिसते. सिनिओल्चूच्या पायथ्याची झेमू हिमनदी तीस्तेला पाणी पुरविते. तेव्हा हा तेथील शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्या साक्षीपुराव्यात हमालांचे श्रम आहेत. पुढे जो कोणी असे चित्र घेईल, त्याने मजुरी चोख द्यावी आणि ओझे वाहणाऱ्यांची नावेही चित्राखाली लिहावीत, एवढीच आमची मागणी आहे.